मजूर गेले, मजुरी का वाढली नाही?

स्पॅनिश भाषेत ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. त्यावरून ‘ब्रासेरो’ हा शब्द झाला: दुसऱ्याच्या शेतात आपले हात राबवणारा. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. राबणारा माणूस अवयवाच्या नाहीतर अवजाराच्या नावाने मोजायचा, ही खोड जगात सगळीकडे सारखीच दिसते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले गडी सैन्यात आणि कारखान्यांत गेले आणि शेतात माणूस मिळेना, तेव्हा ४ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात करार झाला. मेक्सिकोतून ठरावीक मुदतीसाठी मजूर यायचे, हंगाम उरकायचा आणि परत जायचं, अशी ती योजना. युद्ध १९४५ मध्ये संपलं, योजना मात्र संपली नाही. १९५१ मध्ये तिला रीतसर कायद्याचा आधार मिळाला आणि ३१ डिसेंबर १९६४ पर्यंत ती चालली. या बावीस वर्षांत सुमारे ४६ लाख करारांवर सह्या-अंगठे झाले. एकच माणूस पुन्हा पुन्हा येत असे, त्यामुळे माणसं त्याहून बरीच कमी. पण एकट्या १९५६ सालात ही संख्या ४ लाख ४५ हजारांपर्यंत गेली होती.

ही योजना का बंद केली, हे आजही ऐकण्यासारखं आहे, कारण तेच म्हणणं आज अमेरिकेत, युरोपात आणि आपल्याही काही राज्यांत नव्या दमाने मांडलं जातं. बाहेरचे मजूर स्वस्तात राबतात म्हणून इथल्यांची मजुरी दबते; त्यांना थांबवा, म्हणजे मजुरी आपोआप वर येईल. बाजारात कांद्याची आवक घटली की भाव चढतो, तसंच हे. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १९६१ मध्ये योजनेला मुदतवाढ दिली ती नाखुशीने. ब्रासेरोंमुळे देशी शेतमजुरांच्या मजुरीवर आणि रोजगारावर वाईट परिणाम होतो, असं त्यांच्या सरकारचं मत होतं. कामगार संघटना, चर्चमधली मंडळी आणि खेड्यांतल्या गरिबीवर लिहिणारे पत्रकार याच बाजूचे होते. शेवटी योजना बंद झाली. तिच्या अखेरच्या वर्षातही पावणेदोन लाखांवर मजूर येत होते, ते पुढच्या हंगामाला जवळजवळ शून्यावर आले. अर्थशास्त्रात प्रयोगशाळा नसते, पण असा प्रयोग इतिहास कधीतरी स्वतःच करून ठेवतो.

या प्रयोगाचा निकाल नीट वाचायला मात्र अर्धं शतक लागलं. मायकेल क्लेमन्स, ईथन लुइस आणि हॅना पोस्टेल या तीन संशोधकांनी जुन्या सरकारी दप्तरांतून राज्यवार शेतमजुरीचे आणि मजुरांच्या संख्येचे आकडे गोळा केले आणि २०१८ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. त्यांची पद्धत समजायला सोपी आहे. ज्या राज्यांत हंगामी मजुरांत ब्रासेरोंचा मोठा वाटा होता ती एका बाजूला. कॅलिफोर्निया, टेक्सास, ॲरिझोना ही त्यांतली ठळक. जिथे त्यांचं प्रमाण थोडं होतं ती दुसऱ्या गटात, आणि जिथे एकही ब्रासेरो कधी फिरकला नाही ती तिसऱ्या. मजूर गेल्याने मजुरी वाढणार असेल तर पहिल्या गटात ती सर्वांत वेगाने वाढायला हवी. तसं झालं नाही. मजुरी तिन्ही गटांत वाढत गेली, पण जवळपास एकाच चालीने. ज्यांनी एकही ब्रासेरो गमावला नव्हता त्या राज्यांतही मजुरी तशीच चढत होती, तेव्हा त्या वाढीचं श्रेय बंदीला देता येत नाही. देशी मजुरांच्या रोजगारातही बंदीमुळे भर पडल्याचं आढळलं नाही.

मग रिकामी झालेली जागा भरली कोणी? सरकारने आधी माणसांनीच ती भरून पाहिली. १९६५ च्या उन्हाळ्यात कामगारमंत्री विलर्ड विर्ट्झ यांनी शाळांमधल्या खेळाडू मुलांना शेतावर पाठवण्याची मोहीम काढली. वीस हजार धट्टीकट्टी पोरं मिळतील असा अंदाज होता. नावनोंदणीही जोरात झाली, पण प्रत्यक्ष शेतावर पोचली ती साडेतीन हजारांच्या आतच, आणि त्यांतल्या अनेकांनी उन्हाने, वाकून वाकून भरलेल्या कमरेने आणि राहायच्या खोल्यांची अवस्था बघून हंगाम अर्ध्यावर टाकला. पुढच्या वर्षी मोहिमेचं नाव कोणी काढलं नाही. बागाईतदारांनी दुसरा रस्ता धरला, आणि तो समजून घ्यायला टोमॅटोच्या वाफ्यात उतरावं लागतं.

कॅलिफोर्नियात केचप आणि प्युरीच्या कारखान्यांना जाणारा टोमॅटो मोठ्या प्रमाणावर पिकतो. १९६० मध्ये तिथे सुमारे १ लाख ३० हजार एकरांवर २२ लाख टन टोमॅटो निघाला. तो खुडायला ४५ हजार मजूर लागले आणि त्यांत शेकडा ऐंशी ब्रासेरो होते. बागाईतदारांचे प्रतिनिधी संसदेपुढे शपथेवर सांगत होते की ब्रासेरो गेले तर टोमॅटोचा धंदा बुडेल, नाहीतर मेक्सिकोत निघून जाईल. खरं तर त्यांच्याच राज्याच्या विद्यापीठात, डेव्हिसला, तोडगा जवळपास तयार होता. पीकपैदासकार जॅक हॅना १९४० च्या दशकापासून एका विचित्र वाणाच्या मागे होते आणि अभियंते कोबी लोरेन्झन त्याला साजेसं यंत्र जुळवत होते. अडचण यंत्रात कमी आणि टोमॅटोत जास्त होती. साध्या टोमॅटोचं झाड एका वेळी पिकत नाही: खालचा घड लाल, मधला पिवळसर, वरती फूल. माणूस आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच सरीत फिरतो आणि लाल तेवढं खुडतो. यंत्राला असा संयम नसतो. ते झाड बुडापासून कापतं, उचलतं, गदागदा हलवतं आणि पडेल ते फळ पट्ट्यावर घेतं. म्हणजे फळं एकदम पिकायला हवीत, देठापासून पटकन सुटायला हवीत, साल जाड हवी आणि आपटली तरी फुटता कामा नयेत. हॅना यांच्या ‘व्हीएफ-१४५’ या वाणात हे गुण उतरले आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते शेतकऱ्यांच्या हाती आलं. चवीबद्दल फार कोणी बोललं नाही. केचपमध्ये साखर आणि व्हिनेगर असतंच.

यंत्र होतं, वाणही होतं, तरी १९६४ मध्ये यंत्राने निघालेला टोमॅटो शेकडा चारच्याही आत होता. बाकी सगळा हातानेच. लाखभर रुपयांचं अवजार विकत घेऊन, सऱ्या नव्याने आखून, वाण बदलून धोका कोण पत्करणार, जोवर सरकारच हंगामाला मजूर आणून देतं आहे? ब्रासेरो थांबले आणि आकडे असे पळाले: १९६५ मध्ये शेकडा २५, १९६६ मध्ये ६५ च्या वर, १९६८ मध्ये ९५, आणि १९७० पर्यंत जवळपास सगळा. धंदा बुडाला नाही, उलट फुगला. २००० च्या सुमाराला त्याच राज्यात साडेतीन लाख एकरांवर एक कोटी टनांहून अधिक टोमॅटो निघत होता आणि त्यासाठी मजूर लागत होते पाच हजार. हे मजूर आता खुडत नव्हते, यंत्रावर उभे राहून निवडत होते. सुरुवातीच्या यंत्रांवर पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना डझनभर माणसं, बहुतेक बायका, धुळीत आणि खडखडाटात उभ्या राहून हिरवी फळं आणि मातीची ढेकळं वेचून टाकत. १९७० च्या दशकात रंग ओळखणारी विजेची उपकरणं आली आणि त्यांतल्याही बऱ्याच उतरल्या.

सगळ्याच पिकांना असं यंत्र मिळालं नाही. ॲस्परॅगस, स्ट्रॉबेरी, लेट्यूस यांसारख्या नाजूक पिकांत त्या वेळी यंत्राची सोय नव्हती, आणि तिथे ब्रासेरो गेल्यावर उत्पादनच घटलं. म्हणजे मजूर कमी झाला की जमीनमालकापुढे जास्त मजुरी देण्याखेरीज आणखी तीन वाटा असतात: यंत्र घ्यावं, पीक बदलावं किंवा कमी करावं, नाहीतर माल जिथे मजूर आहे तिथून येऊ द्यावा. जास्त मजुरी ही त्याची शेवटची पसंती. कांद्याच्या भावाचा दाखला म्हणूनच फसवा आहे. गिऱ्हाइकाला कांद्याऐवजी दुसरं काही चालत नसेल तरच आवक घटल्यावर भाव चढतो. शेतमालकाला मजुराऐवजी बरंच काही चालतं, थोडा वेळ मिळाला की झालं. माझं म्हणणं एवढंच आहे की शेतातली मजुरी डोकी मोजून ठरत नाही. मालकाच्या या बाकीच्या वाटा किती खुल्या आहेत आणि मजुराला एकजुटीने अडून बसता येतं की नाही, यावर ती ठरते.

एका उदाहरणावर एवढा इमला कसा रचता, असं कोणी विचारेल. टोमॅटो हे एकमेव उदाहरण नाही. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला महापूर आला आणि कापसाच्या पट्ट्यातून कृष्णवर्णीय मजूर मोठ्या संख्येने बाहेर पडले. जिथे पूर आला त्या जिल्ह्यांतल्या जमीनदारांनी शेजारच्या कोरड्या राहिलेल्या जिल्ह्यांच्या मानाने लवकर यंत्रं आणली, असं रिचर्ड हॉर्नबेक आणि सुरेश नायडू यांनी दाखवून दिलं आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेने युरोपातून येणाऱ्यांवर कोटा घातला, तेव्हाही ग्रामीण भागात शेती यंत्रांकडे झुकली आणि स्थानिकांची मजुरी अपेक्षेप्रमाणे वाढली नाही. जे महाग त्याची बचत करणारं तंत्र शोधलं जातं, हा विचार जॉन हिक्स यांनी १९३२ मध्येच मांडला होता. हायामी आणि रटन यांनी पुढे त्याचा शेतीला पडताळा घेतला. जपानात जमीन दुर्मीळ, म्हणून तिथे एकरी उतारा वाढवणारी बियाणी आणि खतं आली. अमेरिकेत माणूस दुर्मीळ, म्हणून तिथे ट्रॅक्टर आला.

याहून वजनदार आक्षेप मजूरनेते सेझर चावेझ यांच्या नावाने घेतला जातो. ब्रासेरो गेल्यावर वर्षभरातच, सप्टेंबर १९६५ मध्ये, डिलेनो गावाच्या द्राक्षमळ्यांत संप झाला. आधी फिलिपिनो मजूर उठले, आठवड्याभरात चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली, देशभर द्राक्षांवर बहिष्कार पडला आणि १९७० मध्ये मळेवाल्यांनी करारांवर सह्या केल्या. मजुरी खरोखर वाढली. मग बंदीचा उपयोग झालाच ना? झाला, हे मान्य करायला हवं. ब्रासेरो असते तर संप मोडायला माणसं दारात उभी असती. चावेझ स्वतः या योजनेचे कडवे विरोधक होते ते याचसाठी. पण द्राक्ष हे कसलं पीक होतं ते पाहा. खाण्याचा घड यंत्राने निघत नाही, वेल एकदा लावली की पंधरा-वीस वर्षं जागची हलत नाही, आणि पिकलेला घड वाट पाहत नाही. मालकाच्या तिन्ही वाटा अडलेल्या, आणि समोर मजूर संघटित. टोमॅटोत तेच मजूर, तीच बंदी, तेच राज्य. तिथे मात्र यंत्राची वाट मोकळी होती. बंदीने दार किलकिलं झालं असेल, ते ढकलून उघडलं संघटनेने. १९३५ च्या कामगार कायद्यातून शेतमजूर मुद्दाम वगळले गेले होते आणि कॅलिफोर्नियात त्यांना संघटनेचा कायदेशीर हक्क मिळायला १९७५ उजाडलं, हे लक्षात घेतलं तर हे ढकलणं किती अवघड होतं ते कळतं.

मग उलट्या टोकाला जाऊन म्हणावं का, की मजूर येऊ द्यावेत, कोणाचंच काही बिघडत नाही? इतकं सोपं तेही नाही. ब्रासेरो स्वस्त होता तो मेक्सिकन म्हणून नव्हे, बांधलेला म्हणून. ज्या मालकाच्या नावाने करार, त्याच्याचकडे काम. भांडला की घरी रवानगी. सीमेवरच्या केंद्रांत कपडे उतरवून त्यांच्या अंगावर डीडीटी फवारली जाई. शेतात हातभरही दांडा नसलेली खुरपणी, ‘एल कोर्तितो’, त्यांच्या हाती दिली जाई. ती धरून दिवसभर कमरेत वाकूनच काम करावं लागे, आणि पाठ सरळ झाली की काम थांबलं हे मुकादमाला लांबूनच दिसे. या अवजारावर कॅलिफोर्नियाने बंदी घातली तीही १९७५ मध्येच. पहिल्या काही वर्षांत मजुरीतले शेकडा दहा बचत म्हणून कापून घेतले गेले आणि हजारो मजुरांना ते पैसे कधी दिसलेच नाहीत. २००५ मध्ये मेक्सिको सरकारने भरपाईचा निधी काढला तोवर अनेकजण हयात नव्हते. १७ सप्टेंबर १९६३ रोजी चुआलार गावाजवळ, मालट्रकमध्ये बाकं ठोकून केलेल्या ‘बस’ला मालगाडीने धडक दिली आणि ३२ ब्रासेरो मेले. मजूर किती आले यापेक्षा ते कोणत्या अटीवर आले, हा प्रश्न म्हणून मला मोठा वाटतो. ज्याला दुसऱ्या मालकाकडे जाता येतं त्याची मजुरी मागणीबरोबर वर सरकते. ज्याला जाता येत नाही त्याची सरकत नाही आणि शेजारच्या देशी मजुराचीही तो अडवून धरतो. अमेरिकेतला आजचा ‘एच-टू-ए’ हा हंगामी शेतीव्हिसा या बाबतीत फारसा वेगळा नाही. तोही एका मालकाशीच बांधलेला. २००५ मध्ये अशा ४८ हजार जागा मंजूर झाल्या होत्या, २०२३ मध्ये पावणेचार लाखांवर. राहण्याची सोय आणि किमान दर हे मालकावर बंधनकारक आहेत.

आता रोबो आले, तेव्हा हा सगळा हिशेबच जुना झाला, असंही म्हटलं जातं. हिशेब तोच आहे, पिकांची यादी बदलते आहे. लेट्यूसच्या शेतात कॅमेरा लावलेली यंत्रं विरळणी करतात, लेसरने तण जाळतात. तिथे चुकून एखादं रोप गेलं तर फारसं बिघडत नाही. स्ट्रॉबेरीत मात्र फळ पानांआड लपतं, पिकलेलं आणि कच्चं एकाच देठाशेजारी असतं, तीन-चार दिवसांनी पुन्हा तीच फेरी असते आणि बोटाचा जरा दाब जास्त झाला की डाग पडतो. तिथे यंत्रावर वर्षानुवर्षं पैसा ओतूनही बहुतेक खुडणी अजून हातानेच चालते. हॅना यांचा धडा इथेही लागू पडेल असं दिसतं: यंत्राला माणसाचे हात जमेनात, तर स्ट्रॉबेरीचं झाडच बदलायचं.

यंत्राचा फायदा कोणाला झाला, याचाही हिशेब एकदा मांडला गेला होता. अँड्र्यू श्मिट्झ आणि डेव्हिड सेकलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये टोमॅटो यंत्राचा जमाखर्च केला. संशोधनावर झालेल्या खर्चाच्या मानाने समाजाला मिळालेला फायदा प्रचंड होता, इतका की काम गेलेल्या मजुरांना भरपाई देऊनही बरंच उरलं असतं. ‘असतं’ हाच मुद्दा. भरपाई कोणी दिली नाही. छोटे बागाईतदारही सुटले नाहीत: दशकभरात राज्यातल्या टोमॅटो उत्पादकांची संख्या सुमारे चार हजारांवरून सहाशेपर्यंत घसरली, कारण यंत्र परवडायला क्षेत्र मोठं लागतं. लोकांच्या पैशाने झालेलं संशोधन मूठभरांच्या कामी आलं, असं म्हणत १९७९ मध्ये मजुरांच्या वतीने विद्यापीठावर खटला भरला गेला. तो दहा वर्षं चालला आणि अखेर विद्यापीठाच्या बाजूने लागला.

उसाच्या फडात हे सगळं आपल्याला ओळखीचं वाटेल. तिथे देशाची सीमा नाही, पण बीडहून साताऱ्या-कोल्हापूरला किंवा कर्नाटकात गेलेला कोयताही मुकादमाच्या उचलीने बांधलेलाच असतो. उचल फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्याचा रस्ता बंद. तरी जानेवारी २०२४ मध्ये संघटनांनी नेट धरला आणि तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळवली, कारण फड उभा होता आणि यंत्रं पुरेशी नव्हती. यंत्राची वाट आता रुंद होते आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढ्या अनुदानाची योजना काढली. अर्ज उद्योजकांनी, शेतकऱ्यांनी, कारखान्यांनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी करायचा. यंत्र उसाच्या कांड्या करतं, त्या लवकर गाळाव्या लागतात. पाचटाची वजावट किती धरायची यावर वाद होतो, बैलांना वाढे उरत नाहीत, आणि गुंठ्यांच्या तुकड्यांत ते वळत नाही. म्हणून आधी सरी बदलते आहे, तीन फुटांवरून साडेचार-पाच फुटांवर. ज्या शेतात ती बदलली तिथे यंत्र आज ना उद्या येईल. पुढच्या हंगामाची उचल मात्र मुकादम अजून कोयते मोजूनच वाटतो आहे.